मनू, मेडिकल सोडायचं म्हणतेस त्याबद्दल

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा तू एमबीबीएस सोडून क्लिनिकल सायकॉलॉजी करायचं म्हणालीस आणि मी 'बघू' म्हणून फोन आईकडे दिला. फोनवर मला असलं बोलणं जमत नाही. दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा लिहायला बसलोय.

नातेवाइकांचं आधी उरकतो. आत्या 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी' म्हणेल, काका सरकारी कॉलेजची सीट किती मुश्किलीने मिळते ते मलाच समजावतील. त्यांचं मी बघून घेईन.

वर्षांचा हिशेब सगळेच घालतात, म्हणून मीही घातला. तुझी दोन वर्षं झाली. उरलेली अडीच, इंटर्नशिपचं एक, आणि नीट-पीजी या प्रवेशपरीक्षेत पहिल्या झटक्यात सायकियाट्री, म्हणजे मनोविकारांची डॉक्टरकी, मिळाली तर एमडीची ३. झाली साडेसहा. सरकारी सेवेच्या बाँडचं एक वर्ष धरलं तर साडेसात. इकडे बीए ३, एमए २, त्यावर क्लिनिकलचं प्रशिक्षण २, म्हणजे ७. तेव्हा वय वाया जाईल म्हणून कुणी घाबरवलं तर ऐकू नकोस. पैशाचं मात्र तसं नाही. सायकियाट्रिस्ट सकाळच्या ओपीडीत जेवढे पेशंट बघतो, तेवढे तुला आठवडाभरात बघता येणार नाहीत, कारण एकेकाला पाऊण तास द्यावा लागेल. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. काम उदंड आहे. पण त्यातल्या बहुतेकांना दर आठवड्याला फी द्यायला परवडणार नाही, हेही त्या आकड्यासोबत वाच.

आता आईचा प्रश्न. माणसांच्या मनाचंच करायचं तर सायकियाट्री का नको? प्रश्न रास्त आहे. तू म्हणालीस, 'गोळ्या काय, कुणीही लिहून देतं.' हा सूर मला खटकला. माझा जन्म गोळ्या विकण्यात गेला म्हणून नव्हे. लिथियम सुरू झाल्यावर पुन्हा शेतात उभा राहिलेला माणूस मी पाहिलाय. ती चिठ्ठी बरोबर लिहायला अक्कल लागते, आणि तू सायकॉलॉजिस्ट झालीस तरी ती लिहिणाऱ्या माणसाबरोबरच तुला आयुष्यभर काम करायचंय.

तरी तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे, ते मला काउंटरवरून दिसतं. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम या चिंतेच्या, झोपेच्या गोळ्या शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या सरकारी यादीत येतात. २०१४ पासून त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं: डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या. तीच ती नावं महिनोन् महिने लिहितो. त्यातले काही गर्दी ओसरेपर्यंत बाकड्यावर थांबतात आणि गोळ्या पिशवीत टाकता टाकता मुलाचं, कर्जाचं, घरातल्या भांडणाचं सांगतात. डॉक्टरांकडे सांगितलं का विचारलं तर म्हणतात, बाहेर रांग होती. मी केमिस्ट. मान हलवतो, डोस नीट समजावतो. याउपर मला काही येत नाही. ते ज्याला येतं असा माणूस आपल्या तालुक्यात नाही.

पण गोळी देणारा निराळा आणि ऐकणारा निराळा असंही समजू नकोस. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं ते डॉ. अनिता अवचटांमुळे, ठाण्यात १९९० साली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था उभी राहिली ती डॉ. आनंद नाडकर्णींमुळे. दोघेही सायकियाट्रिस्ट, आणि दोन्हीकडे बोलण्या-ऐकण्याला केवढं महत्त्व! तेव्हा 'मला बोलायचंय म्हणून एमडी नको' हे कारण मला पुरेसं वाटत नाही. उलट अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धत, म्हणजे विचार तपासून भावना सावरायची रीत, मराठी माणसाच्या घरात आणली ती कि. मो. फडके यांनी, आणि ते मानसशास्त्रज्ञ. दोन्ही वाटांनी माणसं पोचलीत.

बरं, ठरलंच तर एका बाबतीत मी ऐकणार नाही. शिक्षण पुरतं घ्यायचं. चार-सहा महिन्यांचं सर्टिफिकेट भिंतीला लावून काउन्सेलर झालेले आजकाल खूप दिसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं ते लिहिलंय, आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते ती लागतेच. वर धरलेलं दोन वर्षांचं प्रशिक्षण म्हणजे एम.फिल.; यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये एम.फिल. बंद केली, क्लिनिकल सायकॉलॉजीला मुदत वाढवून मिळाली, आणि आता नवे अभ्यासक्रम येतायत. कॉलेजवाले काहीही सांगोत, आरसीआयच्या यादीत नाव बघितल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही.

आणि हे काम म्हणजे दिवसभर मन मोकळं करणं-करवणं नसतं. मतिमंदत्वाच्या दाखल्यासाठी रांगेत बसलेल्या पोरांच्या बिनेट-कामत या बुद्धिमापन चाचण्या घ्यायच्या, गुण मोजायचे, रिपोर्ट लिहायचे. एका पोराचा आकडा चुकला तर त्याच्या सवलती जातात. तुझा कंटाळा मला माहीत आहे, म्हणून सांगतो. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, चारही ठिकाणी सरकारी मनोरुग्णालयं आहेत. सुट्टीत परवानगी मिळवून एखाद्या ठिकाणी तिथल्या सायकॉलॉजिस्टचं काम बघून ये. पुस्तकं नंतर वाच.

एक सरळ विचारतो, रागावू नकोस. पॅथॉलॉजीचा पेपर अवघड गेला त्याच आठवड्यात हे डोक्यात आलं का? तसं असेल तर मला तसंच सांग, पेपर पुन्हा देता येतो. पहिल्या वर्षापासून मनात असेल तर तेही सांग, मग मी दुसरं काही विचारणार नाही.

तोवर कॉलेजात अर्ज देऊ नकोस. तुझी मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे आहेत, ती परत मिळायची रीत आणि खर्च मी विचारून ठेवतो. शनिवारच्या एसटीने ये, आई थालीपिठं करणार आहे. काकांना अजून सांगितलेलं नाही.

तुझा,
बाबा