फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा (आई-बाबांना पत्र)

ती. बाबा आणि आई,

सा. न. वि. वि. (बाबा, एवढं तरी अजून लक्षात आहे.)

काल फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलत होतात त्यामुळे मला अर्धंच कळलं, पण जे कळलं ते असं की कॉम्प्युटर रखडत चाललाय, सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीये, आईच्या जीमेलवर मेल यायचे बंद झालेत, बाबांना सकाळी लॉगिनच होत नव्हतं, आणि स्टँडजवळच्या दुकानातला मुलगा शनिवारी येऊन "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो" म्हणालाय. तर आधी त्याला फोन करा आणि सांगा की या शनिवारी नको. मग हे वाचा. व्हॉट्सॅपवर पाठवतेय म्हणजे लगेच पोचेल, बाबांसाठी प्रिंट काढा, त्यांना स्क्रीनवर वाचायचा कंटाळा येतो.

त्या मुलाचं अगदीच चुकीचं आहे असं नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे आज ना उद्या काहीतरी करावंच लागणार. पण तो जे म्हणतो ना, "काका, मी फक्त सी उडवतो, डी ला हात लावत नाही", त्यातच सगळी गोम आहे. कारण तुमचं सगळं सी मध्येच आहे! डेस्कटॉपवर दिसतं ते सी मध्ये, डॉक्युमेंट्स सी मध्ये, पिक्चर्स सी मध्ये, आणि बाबा तुम्ही पेन्शनच्या स्लिपा, सातबारा, लाइट बिलं, सोसायटीचे हिशोब जिथे उतरवून ठेवता तो डाउनलोड्स फोल्डर, तोही सी मध्येच. डी मध्ये काय आहे ते मी मागे बघितलंय, नाट्यगीतांचा एक फोल्डर आणि प्रिंटरचं सॉफ्टवेअर. म्हणजे तो मुलगा अगदी प्रामाणिकपणे नाट्यगीतं वाचवेल आणि बाकीचं सगळं घालवेल.

आणि बाबा, "महत्त्वाचं मी डी मध्ये कॉपी करून ठेवीन" हेही पुरेसं नाही. तुमच्या मशीनमध्ये डिस्क एकच आहे, ५०० जीबीची, दुकानदाराने घेतानाच तिचे दोन भाग करून दिले, १०० चा सी आणि उरलेला डी. एकाच कपाटाचे दोन खण. डिस्क गेली की दोन्ही एकदम जाणार. सी भरतो आणि डी रिकामा पडून राहतो त्याचं कारणही हेच, दर अपडेटला विंडोज स्वतःच फुगत जातं आणि १०० जीबी आता पुरत नाही. जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की पट्टी लाल होते, एवढाच त्या लाल रंगाचा अर्थ. व्हायरस वगैरे काही नाही.

तर क्रम असा ठेवायचा : आधी दुसरी कॉपी, मग साफसफाई, आणि फॉरमॅट करायचाच झाला तर सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, जागा नाही म्हणून आधी घाईघाईत डिलीट मारत सुटतात आणि मग "रिसायकल बिनमधून पण गेलं गं" म्हणून फोन येतो.

हार्डडिस्क कुरियरने पाठवलीये, उद्या-परवा येईल. डब्यावर १ टीबी लिहिलंय आणि कॉम्प्युटरवर ९३१ जीबी दिसेल, तर बाबा, लगेच दुकानदाराने फसवलं म्हणू नका, बनवणारे हजाराच्या हिशोबाने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, जागा तेवढीच असते. लावल्यावर नवीन ड्राइव्ह दिसेल. त्यात तारखेच्या नावाने एक फोल्डर करा. मग सी मध्ये यूझर्स, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, त्यातले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडीओज असे एकेक उचलून त्या तारखेच्या फोल्डरमध्ये कॉपी-पेस्ट. कट नाही हं, कॉपी! कट करताना मध्येच लाइट गेली तर काय कुठे राहिलं ते शोधत बसावं लागेल, आणि रत्नागिरीत लाइट कधी जाईल ते मी तुम्हाला सांगायला नको. वेळ बराच लागेल, रात्रीची जेवणं होईपर्यंत चालू दे. झाल्यावर चार-पाच फाइल्स त्या डिस्कवरूनच उघडून बघा, एक फोटो, एक पीडीएफ, एक व्हिडीओ. न उघडून बघितलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

मग खाली उजवीकडे यूएसबीचं चिन्ह असतं त्यावरून 'इजेक्ट' करून डिस्क काढायची आणि कपाटात. कायम लावून ठेवायची नाही, वीज पडली किंवा कुठला व्हायरस शिरला तर लावलेली डिस्क कॉम्प्युटरबरोबरच जाते. पुढच्या वेळी पेन्शन जमा झाली की त्याच दिवशी नवीन तारखेचा फोल्डर, म्हणजे वेगळी आठवण ठेवायला नको. आणि कधी डिस्क लावल्यावर 'फॉरमॅट करायची का?' असं विचारलं तर नाही म्हणायचं, कॅन्सल, काढून ठेवायची आणि मला फोन.

दुसरी एक छोटी डिस्क मी चिपळूणला मावशीकडे ठेवणार आहे, त्यावर तुमचे फोटो आणि बाबांचं सगळं लिखाण. आणि मावशीची एक तुमच्याकडे. आई तू म्हणशील एवढं कशाला, पण २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी तिच्या घरात शिरलं तेव्हा काय झालं ते तू स्वतः बघून आलीयेस. सीपीयू खालीच टेबलाशी, सीड्या आणि अल्बम त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात. अल्बमची पानं एकमेकांना चिकटली होती, सोडवायला गेलं की फोटोचा रंग निघून हाताला लागायचा, आणि मावशी एकच सांगत होती की कॉम्प्युटरमध्ये आहेत ना, कॉम्प्युटरमध्ये आहेत. तो बाहेर अंगणात चिखलाने भरून उपडा पडला होता. तिच्या लग्नाचे जे सात-आठ फोटो आज आहेत ते तू नेऊन आपल्या अल्बममध्ये लावले होतेस म्हणून आहेत. फोटोग्राफर लोकांत पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन माणसाने ३-२-१ चा नियम रुळवला, तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आपण नियम पाळायचा म्हणून नाही पाळत, चिपळूण बघितलंय म्हणून पाळतोय.

आता साफसफाई. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, तिथे 'टेम्पररी फाइल्स' वर क्लिक केलं की एक यादी येते आणि प्रत्येकापुढे टिक करायची चौकट. विंडोज अपडेटचा कचरा, टेम्पररी फाइल्स, थंबनेल्स यांना खुशाल टिक करा. पण त्याच यादीत 'डाउनलोड्स' पण असतं!! त्याला टिक करायची नाही, असली तर काढायची. विंडोजच्या लेखी तो कचरा असेल, आपल्या घरात ते बाबांचं ऑफिस आहे. रिसायकल बिन आधी उघडून नजर टाका, मग रिकामा.

एवढं करूनही जागा झाली नाही तर डाउनलोड्सच डी मध्ये हलवायचा. डी मध्ये आधी 'बाबा डाउनलोड' असा फोल्डर बनवा, मग डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि तो नवा फोल्डर निवडा. नुसता डी निवडून ओके करू नका, नंतर ते परत फिरवताना नाकी नऊ येतात. हे खरं तर मी फोनवर असतानाच करू.

आई, तुझं मेलचं. तुझ्या गूगल अकाउंटला फुकट जागा १५ जीबी, आणि त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो असं सगळं एकत्र, ती भरली की मेल यायचे बंद. १ जून २०२१ च्या आधी थोडे कमी क्वालिटीचे फोटो फुकटात कितीही चढायचे, त्यानंतर सगळे मोजले जातात, आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॅपचा बॅकअपही त्याच पंधरात धरतात. म्हणजे मंडळातल्या बायकांचे सुप्रभातचे व्हिडीओ तुझ्या जीमेलला गुदमरवतायत. व्हॉट्सॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', 'मॅनेज स्टोरेज', तिथे खूपदा फॉरवर्ड झालेलं आणि ५ एमबीपेक्षा मोठं असं वेगळं काढून दाखवतं, ते आधी उडव, मनात काही आणू नकोस. चॅट बॅकअपमध्ये व्हिडीओ घ्यायचं बंद ठेव. जीमेलमधलं डिलीट केलेलं बिनमध्ये ३० दिवस राहतं आणि तोवर जागा खातच असतं, त्यामुळे बिनही रिकामा करायला लागतो, नाहीतर तू म्हणशील एवढं काढलं तरी आकडा हलत नाही.

पण गूगल फोटोजमधून काही डिलीट करू नकोस! तिथला फोटो काढला की फोनमधलाही जातो, कारण ते दोन्हीकडे सारखं ठेवतं, त्याला बॅकअप म्हणतात पण वागतं ते आरशासारखं. 'फ्री अप स्पेस' वेगळं, ते फक्त फोनमधली कॉपी काढतं. चुकून गेलाच तर बॅकअप झालेला फोटो बिनमध्ये ६० दिवस असतो, तेवढ्यात मला सांग.

लॉगिनचं. बाबा, तुमचा पासवर्ड बरोबरच असणार. तुम्ही रात्री मराठीत टाइप करून तसंच बंद केलंत, सकाळी कीबोर्ड मराठीवरच होता आणि पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात त्यामुळे कळत नाही. लॉगिनच्या स्क्रीनवर खाली उजवीकडे भाषा लिहिलेली असते ती बघा, विंडोजचं बटण दाबून ठेवून स्पेस मारलं की बदलते. पासवर्डच्या चौकटीच्या टोकाला डोळा असतो, तो दाबून धरला की काय टाइप झालंय ते दिसतं. कॅप्स लॉक बघा, आणि उजवीकडचे आकडे वापरत असाल तर नम लॉक. रागारागाने दहा वेळा तेच मारू नका.

आणि तुमच्या गूगल अकाउंटला रिकव्हरी नंबर अजून तो जुना, शाळेत असतानाचा आहे, जो तुम्ही बंद केलात. ओटीपी तिकडेच जाणार. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कोणाला देत नाहीत, नंतर मात्र तो कोणाचाही होऊ शकतो. आत्ता लॉगिन आहे तोवरच तो बदलून आईचा टाकू, एकदा बाहेर पडल्यावर फार धावपळ होईल. टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा) चालू करताना गूगल दहा बॅकअप कोड देतं, आठ-आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालतो, ते वहीत उतरवा. हो, वहीत. पासवर्ड वहीत लिहू नये असं सगळे सांगतात पण माझं मत वेगळं आहे, घरातली वही चोरायला कोणी परदेशातून येत नाही. फक्त ती मॉनिटरला चिकटवायची नाही, तिचा फोटो व्हॉट्सॅपवर टाकायचा नाही, आणि बँकेचा पिन त्यात नाही. आईच्या लॅपटॉपला विंडोज ११ आहे, तो कधी निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे डिस्कच्या कुलपाची किल्ली, मागू शकतो. ती तिच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, पुढच्या वेळी आले की छापून वहीत चिकटवते. ती नसेल तर दुकानवालाही काही करू शकत नाही.

बाबा, तुमचे श्रीलिपीतले, म्हणजे त्या जुन्या मराठी फॉन्टमधले लेख. नवीन विंडोज टाकल्यावर त्या फाइल्स उघडल्या तर सगळीकडे विचित्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. फाइल खराब झालेली नसते, फॉन्ट नसतो फक्त. कृपा करून "करप्ट झालं" म्हणून डिलीट करू नका आणि कोणाला करू देऊ नका. आत्ता जोवर नीट दिसतायत तोवर प्रत्येकाची पीडीएफ करून ठेवू, युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी दिसेल असं) बदलायचं काम मी सवडीने करते. दिवाळी अंकातला तो करवंदांवरचा लेख पहिला.

एक शेवटचं. स्क्रीनवर मोठा आवाज करत 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा' आलं तर फोन करायचा नाही. आल्ट दाबून एफ४, नाही झालं तर सरळ पॉवरचं बटण दाबून धरा. कोणी एनीडेस्क (लांबून तुमचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) टाका म्हटलं तर फोन ठेवा, मला कॉम्प्युटर बघायचा असेल तेव्हा आधी मी व्हिडीओ कॉल करीन, माझं तोंड दिसल्याशिवाय कोणाला आत घ्यायचं नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मला नंतर.

डिस्क आली की कळवा, रविवारी अकराला कॉल करते, बाबांची पूजा उरकलेली असू दे.

तुमची,
छोटी

ता. क. बाबा, आधारची उतरवलेली पीडीएफ पासवर्ड मागते तो ओटीपी नव्हे. नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये, कार्डावर स्पेलिंग आहे तसं, आणि लागून जन्मसाल. प्रिंटरबद्दल मात्र मला काही विचारू नका, त्याचं आणि माझं कधीच जमलेलं नाही.