मंत्रीसाहेब, छज्ज्यावर एकदा उभं राहून बघा

मा. कौशल्य विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार. तुमचा वेळ मोलाचा आहे याची कल्पना आहे, माझ्या वेळेला सध्या किंमत नाही, डावा पाय उशीवर टाकून तेवीस दिवस घरी पडून आहे. मी एसी मेकॅनिक. आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा ट्रेड, २०१८ ला पास, नंतर वर्षभर अप्रेंटिस.

ठाण्यात घोडबंदर रोडला दुसऱ्या मजल्यावर दीड टनाच्या एसीचं आउटडोअर, म्हणजे बाहेरचं मशीन, बसवत होतो. मशीन तीसेक किलोचं, छज्जा दीड फुटाचा, त्यावर कबुतरांची घाण आणि पाठीमागे हवा. हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सेफ्टी बेल्ट, मागितला तर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, अरे दोन बोल्टचं काम आहे, पटकन उरक, पुढचं फिटिंग लाइनला आहे. एक ब्रॅकेट सुटला, मशीन वाचवायला गेलो आणि सरळ खाली पोडियमच्या स्लॅबवर. टाचेत प्लेट आणि सहा स्क्रू. खर्च १ लाख ६५ हजार, त्यात आईच्या बांगड्या. मशीनला काही झालं नाही, ते हेल्परनं पकडलं, याचा सगळ्यांना आनंद झाला.

कॉन्ट्रॅक्टर हॉस्पिटलात आला, शहाळं दिलं आणि म्हणाला, तू माझ्याकडे कामाला नाहीस ना, तू सर्व्हिस पार्टनर आहेस. एका फिटिंगचे साडेचारशे मिळणारा पार्टनर, कस्टमरकडून किती घेतात ते विचारू नका. कामावर लागलं तर मालकानं भरपाई द्यायची असा १९२३ चा, इंग्रजांच्या काळातला कायदा होता, तो आता सामाजिक सुरक्षेच्या कोडात घातलाय, पण त्याला आधी मालक लागतो. असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड २०२१ लाच काढलंय, लॅमिनेशनपण केलंय. तो कोड २०२० ला पास झाला आणि लागू व्हायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. त्याचा माझ्या टाचेशी संबंध कुठे येतो ते कुणीतरी समजावून सांगा.

मागण्या काय, तर दोनच आहेत. उंचीवर काम देणाऱ्यानं हार्नेस दिलाच पाहिजे आणि नाही दिला तर त्याचं काम बंद करा. दुसरं म्हणजे आयटीआयत आज बाजारात आहेत ती मशीनं ठेवा. आम्ही शिकलो तेव्हा वर्गात आर-१२ चा तक्ता टांगलेला, तो गॅस २०१० ला बंद झालेला! एकच विंडो एसी, तो २४ पोरांनी आळीपाळीनं उघडून परत बंद केलेला. सर तासिका तत्त्वावर, बिचाऱ्यांचाच पगार तीन-तीन महिने नाही, ते आम्हाला इन्व्हर्टर एसीचा पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, कुठून दाखवणार? बाहेर आलो तर सगळीकडे आर-३२, म्हणजे पेट घेणारा गॅस, काही मशीनमध्ये तर आर-२९०, म्हणजे चक्क प्रोपेन. पाइप जोडल्यावर नायट्रोजन भरून लीक बघायचा, मग पाइपातली हवा ओढायला व्हॅक्युम पंप लावायचा, ही रीत. पण पंपाला वीस मिनिटं जातात आणि नायट्रोजनचा सिलेंडर खांद्यावर कोण नेणार, म्हणून व्हॉल्व जरा ढिला करायचा आणि मशीनमधल्याच गॅसनं हवा बाहेर फुंकायची. पेटणारा गॅस, बंद खोली, शेजारी देवघरात दिवा. हे मीपण केलंय साहेब, खोटं कशाला बोलू. ठाण्यात शंभरातले नव्वद तरी असंच करत असतील, मोजलेलं नाही, पण रोज बघतो.

केंद्रानं २०१९ ला कूलिंग अॅक्शन प्लॅन काढला, त्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख टेक्निशियनना ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट असं लिहिलंय. माझ्या ओळखीत एकाकडेपण ते सर्टिफिकेट नाही. तुम्ही म्हणाल तो विषय केंद्राचा. हो, आणि टाच माझी.

२०२५ च्या सप्टेंबरला एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, दुकानांत फुगे लागले. मशीन स्वस्त, गिऱ्हाईक वाढलं, आमचा रेट तोच. सीझन चार महिन्यांचा, पाऊस लागला की फोन बंद, आणि मी नेमका सीझनमध्ये पडलो. धाकटा भाऊपण आयटीआय, इलेक्ट्रिशियन. त्याला तुमच्या सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिना ८ हजारावर एका सरकारी ऑफिसात बसवलं, सहा महिन्यांचे अकरा केले, त्यात तो झेरॉक्स उत्तम शिकला. मग घरी. आता दोघं मिळून पंख्याकडे बघत असतो. कौशल्याच्या नावानं खातं, कौशल्याच्या नावानं मेळावे, बॅनरवर ज्याच्या हातात पाना दिलाय त्याचं शर्टसुद्धा इस्त्रीचं, आणि खरं कौशल्य असलेला माणूस सोसायटीच्या लिफ्टमधून जायला लागला की वॉचमन म्हणतो, ए, जिन्यानं जा.

काल आयटीआयच्या जुन्या ग्रुपवर गूगल फॉर्म आला. माजी विद्यार्थी सध्या काय करतात? नोकरी, स्वयंरोजगार की उच्च शिक्षण. चौथा ऑप्शनच नाही आणि फॉर्म तर भरायलाच पाहिजे म्हणे. कॉन्ट्रॅक्टर पार्टनर म्हणतो, म्हणून मी स्वयंरोजगारावर टिक केलं. तेव्हा पुढच्या मेळाव्यात तुम्ही यशस्वी पोरांचा जो आकडा वाचाल, त्यात एक मी धरा.

आपला,
एक सर्व्हिस पार्टनर, कळवा