केबल नव्हे, रांग चुकली होती

महोदय,

सातपूरच्या एका कारखान्यात मी नेटवर्क सांभाळतो. गेल्या महिन्यात रोज बॅकअप सुरू झाला की दोन शेडमधली जोडणी तुटायची. ठेकेदार म्हणे, "केबल बघा." केबल ठणठणीत! राउटर ओएसपीएफचा (राउटरांनी एकमेकांना डेटाच्या वाटा कळवायची पद्धत) 'हॅलो', म्हणजे 'मी चालू आहे' हा निरोप, सहसा दर 10 सेकंदांनी पाठवतो. 40 सेकंद तो आला नाही, की शेजारचा राउटर त्याला मेलेला धरतो. या 'हॅलो'च्या पॅकेटवर (डेटाच्या पुडक्यावर) सीएस6, म्हणजे 48 क्रमांकाचा, 'मला आधी सोडा' सांगणारा शिक्का असतो. पण मधल्या स्विचवर तो शिक्का कुणी वाचतच नव्हते, बॅकअपचा डेटा आणि 'हॅलो' सगळे एकाच रांगेत. रविवार कारंजावर सायरन वाजवत अडकलेली रुग्णवाहिका, तसे. त्या शिक्क्याच्या पॅकेटांना वेगळी रांग करून तिला थोडी बँडविड्थ राखून दिली, कटकट मिटली. सिंहस्थासाठी शहरात कॅमेरे वाढवणार असाल, तर निविदेत नुसते एमबीपीएस (जोडणीचा वेग) नको, अशा वेगळ्या रांगेचीही अट घाला.

— एक नेटवर्क तंत्रज्ञ, इंदिरानगर, नाशिक