धायरीचं घर विकतोय

पुणे, १८ जानेवारी २०२६

प्रिय बंड्या,

दिवाळीत तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. राग नव्हता. तू विचारलं असतंस आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. परवा धायरीच्या घराचा विसार घेतला. ५२ लाखांना सौदा ठरला.

हे वाचून तू गप्प होशील. त्या घरासाठी पल्सर विकून तू माझ्या हातावर ४० हजार ठेवलेस आणि वर्षभर पीएमटीला लोंबकळत फिरलास. म्हणून ही गोष्ट तुला आधी सांगायला हवी होती.

आईची शुगर ताब्यात आहे. माझी कंबर आहे तशीच.

वाकडचं राहतं घर, मोशीचा फ्लॅट, तळेगावचा प्लॉट यांची कर्जं आणि ताईच्या वेळचं पर्सनल लोन मिळून हप्त्यांत महिन्याला ७४ हजार जातात. फेडायचे बाकी ५८ लाख. मोशीचं भाडं जेमतेम १४ हजार. नोव्हेंबरात एक एजंट घरी आला. चारही कर्जं एकत्र करू म्हणाला. धायरी आणि वाकड तारण, १५ वर्षं, पावणेदहा टक्के, हप्ता साडेएकसष्ट हजार. महिन्याला बारा हजार वाचणार म्हटल्यावर ही लगेच तयार झाली. मीही झालो होतो, खरं सांगतो. रात्री वही काढली. आहेत तशीच फेडली तर शेवटपर्यंत साधारण ९० लाख जातात, एकत्र केली तर १ कोटी १० लाख! तीन वर्षांत संपणारं पर्सनल लोनसुद्धा १५ वर्षं ओढायचं. आणि हप्ते थकले तर राहतं घर आणि धायरी दोन्ही एकदम अडकणार. आईला मी काय सांगितलं असतं?

मोशी विकावी, असं तू म्हणशील. बघितलं विकून. इमारतीला अजून भोगवटा प्रमाणपत्र नाही, त्यामुळे घेणाऱ्याला बँक कर्ज देत नाही, आणि रोखीवाला तिसाच्या वर जात नाही. त्यावरच २७ लाखांचं कर्ज आहे. प्लॉटला गिऱ्हाईकच नाही. बोजा नसलेलं घर एकच होतं.

मोशीवरून आपण आठ महिने बोललो नव्हतो. 'घर राहायला घे, मोजायला घेऊ नकोस' म्हणालास, आणि मी तुला भाडेकरू मनाचा म्हणालो. ते बोलायला नको होतं. तुझं खरं होतं.

कराचं सीएकडून नीट समजून घेतलं. वर्षभराहून आधी घेतलेल्या घराचं कर्ज फेडण्यासाठी पैसे वापरले तर विक्रीच्या नफ्यावरची आयकराच्या कलम ५४ ची सवलत मिळत नाही. पण धायरीचं घर २००८ चं, १४ लाखांचं. नफ्यावर नव्या साडेबारा टक्क्यांनी पावणेपाच लाख कर बसतो, जुन्या पद्धतीनं महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी सुमारे पावणेतीन. २३ जुलै २०२४ च्या आधीची खरेदी असल्यानं जुनी पद्धत निवडता येते. दोन लाख वाचले. उरलेल्यातून मोशी, प्लॉट आणि पर्सनल लोन बंद, वाकडचं १८ वरून दहाच्या आसपास येईल. होमलोनला बदलता व्याजदर आहे, मुदतीआधी फेडलं तरी दंड नाही. एकच हप्ता, २२ हजारांचा, साडेचार वर्षं. तेव्हा मी ५५ चा असेन.

आकडे जुळले, बंड्या. तरीही परवा विसार पावतीवर सही करताना हात अडखळला. घेणारी जोडी लहान आहे, पोरगी सातव्या महिन्यात. ती गॅलरीत उभी राहून 'इथं पाळणा बांधू' म्हणाली, तिथंच तू थंडीतही झोपायचास, मी घोरतो म्हणून. घोरायचास तू, हे काकूंनी खालून येऊन सिद्ध केलं होतं.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिनूचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

दस्त ३० तारखेला आहे. एक किल्ली अजून तुझ्याकडेच आहे, ती कुरिअरनं पाठवू नकोस. आदल्या दिवशी घेऊन ये.

तुझा,
नंदू