भागाकाराच्या बाजूला बाक्या लिहायला लावणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

माझी भाची आता नववीत आहे आणि तिच्या गणिताला मी बसते. परिमेय-अपरिमेय संख्यांचा धडा काढला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते तुमचंच: "एकला सातने भाग, आणि प्रत्येक बाकी बाजूला लिहीत जा." म्हणून हे पत्र. जाहीर अशासाठी, की तुमच्या हाताखालून गेलेल्या इतरांनीही ते वाचावं.

अंश-छेदात पूर्णांक मांडून लिहिता आली, आणि छेद शून्य नसला, की संख्या परिमेय. नाही आली की अपरिमेय. एवढी व्याख्या कुणीही पाठ करून घेतं. पण १/७ करताना १४२८५७ झाल्यावर तेच आकडे पहिल्यापासून का सुरू होतात, हे तुम्ही आमच्याकडूनच काढून घेतलंत. बाक्या आल्या १, ३, २, ६, ४, ५ आणि परत १. सातने भागल्यावर शून्य उरलं नाही तर एक ते सहा यांतलंच काहीतरी उरणार. ते सहाही येऊन गेले की आधीची एखादी बाकी परत येणं भागच, आणि बाकी परत आली की तिच्यामागून सगळा भागाकार परत येतो. "छेद ४०९ असेल तर?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा वर्गातून लगेच उत्तर आलं, की चक्र लांबेल, पण फिरल्याशिवाय राहणार नाही.

मग फळ्यावर ०.१०१००१०००१… लिहून तुम्ही बाजूला झालात. दर वेळी एक शून्य जास्त. पुढचा आकडा कुणालाही सांगता येतो, तरीही आवर्तन नाही; म्हणजे कुठल्याच अपूर्णांकातून ही संख्या येणार नाही. इतकं सोपं आणि इतकं पक्कं उदाहरण मला पुढे क्वचितच भेटलं.

सगळ्यात जास्त ऋणी आहे ती दोनच्या वर्गमुळाच्या तासासाठी. त्याच्या जवळ जाणारे अपूर्णांक घेऊन अंशाचा वर्ग आणि छेदाच्या वर्गाची दुप्पट शेजारी शेजारी मांडायला लावलीत; दोन्ही सारखे आले, तर तो अपूर्णांक म्हणजेच दोनचं वर्गमूळ. ७/५ ला ४९ आणि ५०. १७/१२ ला २८९ आणि २८८. ४१/२९ ला १६८१ आणि १६८२. ९९/७० ला ९८०१ आणि ९८००. प्रत्येक वेळी एकाचाच फरक! बौधायन शुल्बसूत्र या प्राचीन ग्रंथात दोनच्या वर्गमुळाची दिलेली किंमत ५७७/४०८ एवढी होते. तिथेही ३३२९२९ आणि ३३२९२८. आता पुढचा अपूर्णांक नेमका बसेल असं वाटत असतानाच तुम्ही मूळ अवयव पाडायला सांगितलेत. कुठल्याही वर्गसंख्येत दोन हा अवयव सम वेळा येतो. वर्गाच्या दुपटीत तो विषम वेळा येतो. मग दोन्ही बाजू सारख्या होणार कशा? तो एकाचा फरक कितीही मोठे आकडे घेतले तरी मिटणार नाही, हे दोन ओळींत कळलं. शोध थांबवायचा तो दमून नव्हे, सिद्ध करून, हे मी त्या तासाला शिकले.

पायच्या जागी २२/७ घेताना 'सुमारे' लिहिल्याशिवाय तुम्ही पुढे जाऊ देत नसत. बरोबरच होतं ते: ३.१४२८… आणि ३.१४१५… यांत दशांशाच्या तिसऱ्याच घरात फरक पडतो. आर्यभटानेही इ. स. ४९९ मध्ये ६२८३२/२००००, म्हणजे ३.१४१६, ही किंमत देताना ती जवळपासची आहे असं सांगून ठेवलं होतं. पाय अपरिमेय आहे हे गणितज्ञ लँबर्टने १७६१ मध्ये सिद्ध केलं.

वर्गातलं कुठलंही "कशावरून?" तुम्ही कधी उडवून लावलं नाहीत, बाई. त्याबद्दल मनापासून आभार.

भाचीचा एक प्रश्न तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. तीनच्या वर्गमुळाला तीच सिद्धता तिने स्वतःच लावली. आता तिला जाणून घ्यायचंय, की चारच्या वर्गमुळाला ती सिद्धता नेमकी कुठे अडते. मी सांगू शकले असते, पण तिला ते तुमच्याकडून ऐकायचंय. तिला घेऊन कधी येऊ?

आपली विद्यार्थिनी