गाडीचं वायरिंग मीच केलं, काळजी करू नका

आई, अण्णा, नमस्कार. मी एकदम ठीक आहे, आधी हे वाचा मग पुढचं. बारक्या, आईला मोठ्यानं वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नको.

रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या बोटाची पट्टी बघून आई रडायली आणि अण्णा म्हणायलेत, इंजिनियर केलं ते गाडीखाली झोपायला का. तर मी गाडीखाली नव्हतोच, आत होतो, डोकं ब्रेकच्या पेडलपाशी आणि पाय सीटवर. पत्र्याची कड लागली नुसती, धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं आहे. आणि पैसे नाहीत म्हणून करायलो असं बिलकुल नाही. गॅरेजवाला तासाला शंभर डॉलरच्या वर घेतो हे खरं, पण इथं कॅनडात सगळेच घरी करतात, शेजारचे सत्तरीचे आजोबा स्वतः ब्रेक पॅड बदलतात, त्यांना कुणी मिस्त्री म्हणत नाही.

मी काम करतो ते गोदाम विनिपेग शहराच्या बाहेर आहे, रात्रपाळीला जाताना रस्त्याला खांब नाहीत, हरणं आडवी येतात आणि थंडीत बर्फ उडायला लागला की अप्पर लाईट मारून उपयोग नाही, समोर नुसता पांढरा पडदा. म्हणून बंपरला खाली दोन फॉगलाईट लावले, बर्फ पडायच्या आत. ५५ वॅटचे दोन म्हणजे ११०, बारा व्होल्टला नऊ अँपिअर, म्हणून रिले टाकला, म्हणजे लहान स्विचनं मोठा करंट चालू-बंद करायची डबी, आणि १५ चा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, म्हणजे पुढं वायर कुठंही घासली तरी फ्यूज जाईल, गाडी पेटायची नाही. बॅटरीचा मायनस आधी काढला होता अण्णा, विचारायच्या आधीच सांगतो.

खरी कुस्ती स्विचची वायर गाडीच्या आत घ्यायची. इंजिन आणि आपल्या पायाच्या मधी जाड पत्रा असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. पलीकडं ब्रेकचे पाईप, वायरिंगच्या जुड्या, आंधळेपणानं ड्रिल मारलं की संपलं, शिवाय इथं रस्त्यावर मीठ टाकतात, उघड्या पत्र्याला लगेच गंज. पण माझी गाडी ऑटोमॅटिक, क्लच नाहीच, तरी कंपनीनं क्लचचं भोक ठेवलेलं आणि त्याला रबरी बूच. ते बूच दाभणानं टोचलं, हँगरची तार सरळ करून तिला वायर टेपनं बांधली आणि आई, तू परकराची नाडी सेफ्टीपिनीनं ओवतीस ना, अगदी तसं. दीड तास गेला. मग वायर पेडलपासून लांब बांधून घेतली, भोकाला सिलिकॉन भरलं. स्विच दाबला तर काहीच नाही! पाऊण तास फ्यूज बघतोय, रिले बघतोय, आणि मग ट्रॅक्टरच्या हेडलाईटच्या वेळचा अण्णांचा आवाज आठवला, आधी अर्थ बघ की रे. अर्थिंगची वायर पत्र्याच्या रंगावर बसवली होती. रंग खरवडला, बोल्ट आवळला, भक्कन लागले. तुम्हाला फोन लावणार होतो पण तिकडं पहाटेचे साडेतीन झाले होते.

आई, फोटोत गाडीच्या तोंडातून प्लग लोंबायलाय तो मी लावलेला नाही, तो इथल्या गाड्यांना असतोच. गाडी पेट्रोलचीच आहे, चार्जिंगची नाही. इथं थंडीत उणे ३० जातं, इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, गाडी स्टार्ट होत नाही. म्हणून इंजिनात छोटा हीटर असतो, कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं पाणी, गरम करायचा, आपल्या पाणी तापवायच्या रॉडसारखा समज. घरासमोर, ऑफिसच्या पार्किंगमधी, सगळीकडं सॉकेट. रात्री बैलं दावणीला बांधावी तशा गाड्या भिंतीला बांधून झोपतात लोक, आणि सकाळी एखादा विसरून तसाच गाडी काढतो, वायर मागं फरफटत. मी एकदाच विसरलो.

आता कामाचं. साठ हजार टाकलेत, त्यातला लोनचा हप्ता आधी भरा. मांजरेचं पाणी शिरून सोयाबीन काळं पडलं हे मला चुलतभावाकडून कळलं, तुम्ही काहीच बोलला नाहीत. २०२५-२६ चा क्विंटलला ५,३२८ चा हमीभाव काळ्या मालाला कोण देणार, पण घाईत आडतीवर टाकू नका, महिनाभराचं मी बघतो, ओव्हरटाईम आहे.

उदगीरच्या पाहुण्यांना गाडी आहे म्हणून सांगू नका, तेरा वर्षं जुनी आहे, उगं अपेक्षा वाढतात. मुलीचा नंबर आक्काकडून आला, बोललो एकदा, बरी वाटली. ती म्हणली तिकडं करता काय रिकाम्या वेळात, मी म्हणलो फायरवॉलमधून वायर ओवतो. हसली. पण बैठक लगेच नको, कारण दिवाळीला येणं होईना. तिकीट बघितलं होतं, खरंच. फेब्रुवारीत नक्की.

अण्णा, मोतीबिंदूचं माझ्यासाठी थांबवू नका. रात्री समोरच्या गाडीच्या लाईटनं दिसत नाही म्हणता आणि तरी औश्याहून मोटरसायकलवर येता, हे मला बारक्यानं सांगितलं, त्याला रागवू नका. तारीख घ्या, पैसे वेगळे पाठवतो.

आमटीला लागणारं येसर संपलंय. आक्काच्या ओळखीचं कोण येणार असलं तर किलोभर द्या, आणि अण्णांचा जुना लाकडी मुठीचा टेस्टर पण.