ग्रंथपालाची खुर्ची कुणाच्या पुतण्यासाठी?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी नागपूर जिल्ह्यातल्या एका ड वर्ग, म्हणजे सर्वांत खालच्या दर्जाच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल होते. गेल्या महिन्यात कार्यकारिणी बदलली आणि नव्या अध्यक्षांच्या पुतण्याला चार्ज द्या, असं तोंडी सांगण्यात आलं. मी नागपूर विद्यापीठाची बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवीधर; त्याने ग्रंथालयाचा साधा प्रमाणपत्र कोर्सही केलेला नाही. परवा थकलेलं मानधन मागायला गेले, तर 891.46 या मराठी साहित्याच्या वर्गीकरण क्रमांकाखाली लावलेली पुस्तकं त्याने उंचीप्रमाणे रचून ठेवलेली. कादंबरीला खेटून खतांची माहिती, तिला खेटून आठवीचं गाईड. त्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर मी स्वतः लेबल चिकटवलंय हो! रात्री घरी आले ती जेवलेच नाही.

साहेब, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. तेव्हापासून सरकार अनुदान देतं संस्थेला, आणि संस्था असते स्थानिक पुढाऱ्याच्या खिशात. 2012 साली सरकारने वाचनालयांची पडताळणी केली, तीत काय काय गैरप्रकार निघाले, ते तुमच्याच फायलींत आहे. मग शिक्षा कुणाला झाली? वर्षानुवर्षं नवी मान्यता बंद, दर्जावाढ बंद. पुढारी तिथेच, भोगलं आम्ही.

2022-23 पासून अनुदान 60 टक्के वाढवलंत. ड वर्गाचे 30 हजारांचे 48 हजार झाले, तेही वर्षाला. निम्मे पगाराचे धरले तर महिन्याला 2 हजार! एवढ्यात माझ्या गाडीचं पेट्रोलही भागत नव्हतं. ग्रंथालयांच्या प्रश्नांवर प्रभा राव समिती झाली, व्यंकप्पा पत्की समिती झाली. वेतनश्रेणी कुठे आहे?

अमेरिकेत लिंकनने 1861 साली संसदेच्या ग्रंथालयावर आपल्या पक्षाचा एक डॉक्टर नेमला होता. तिथून तो देश पुढे गेला. आपल्याकडे सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावून बडोद्यात ग्रंथपाल घडवले. एका संस्थानिकाला जे कळलं, ते लोकांनी निवडून दिलेल्यांना का कळत नाही? शाळा, सोसायटी, बाजार समिती, सगळीकडे 'आपला माणूस'. शिकायचं तरी कशाला आम्ही?

दर हिवाळी अधिवेशनात आमचा मोर्चा अडवतात, निवेदन घेतात, आणि अधिवेशन संपलं की विषयही संपतो. या वेळी निवेदन नको. ग्रंथपालाचा पगार थेट त्याच्या खात्यात जमा करा, आणि पात्रता नसलेल्याला नेमलं तर त्या संस्थेचं अनुदान थांबवा. होणार की नाही, ते लेखी कळवा.

आपली,
काढून टाकलेली एक ग्रंथपाल, नागपूर